टिकाऊ काळा

ताईच्या खोलीत घड्याळांचे फार हाल होत. चाव्या, सुटी नाणी आणि मूठभर वाळू यांच्या संगतीत ती एका फिरत्या डब्यात चार-चार तास गरगरत. तिथून सुटली की बाटलीतल्या खोट्या घामात बुडवून त्यांना आठवडाभर गरम कपाटात कोंडलं जाई. मग अंगावर चिकटपट्टी दाबून ती एका हिसक्यात ओढायची, आणि एवढं सोसूनही ज्यांचा रंग जागेवर राही त्यांना तारेच्या घासणीने घासायचं. कारखान्यातली माणसं या खोलीला कोठडी म्हणत. ताईला त्याचं काही वाटत नसे. घड्याळाला दुखत नाही, ती म्हणायची, दुखतं ते विकत घेणाऱ्याला.

ती सगळ्यांचीच ताई होती. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले साहेबही तिला ताईच म्हणत, आणि म्हणताना जरा जपून असत. अठरा वर्षांत तिने एकही नमुना ओळखीवर पास केला नव्हता. साहेबांच्या मेव्हण्याने एकदा पट्ट्यांचा नमुना आणला, तो तिने दोन दिवसांत नापास केला आणि वर त्याला खोलीत बोलावून तुटलेले तुकडे मोजून दाखवले. अशी तोंडावर बोलणारी बाई घरात कुणाला नको असते; पण खरेदीदाराला तीच लागते.

या वेळचं काम काळ्याचं होतं. कारखाना स्मार्टवॉचच्या नुसत्या बॉड्या बनवी. आतलं यंत्र दुसऱ्याचं आणि वरचं नाव तिसऱ्याचं. मागच्या मॉडेलवर काळा रंग फवारला होता. दुकानात तो असा देखणा दिसे की बघत राहावं, आणि सहा महिन्यांत कोपऱ्याकोपऱ्यांतून पांढरा धातू डोकावू लागे. लोकांनी घड्याळं परत आणून काउंटरवर आपटली. तेव्हा ज्यांचं नाव वर होतं त्या कंपनीने निरोप धाडला: नवा काळा निवडा, टिकणारा निवडा, आणि कागदावर त्या चाचणीवाल्या बाईंची सही असेल तरच आम्ही तो वाचू.

निवड दोघांतच होती. एक हौदाचा काळा, कारखान्याचा जुना. कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांब शेड होती, तिथे तारेला टांगलेल्या बॉड्या क्रोमच्या आम्लाच्या हौदात सोडून वीज चालू करायची. हौद उकळल्यासारखा फसफसे, आणि बॉड्या काळ्या होऊन वर येत. दुसरा भट्टीचा काळा. तो बंद पोलादी पेटीत, आतली सगळी हवा ओढून घेऊन चढवत, आणि तशी पेटी या कारखान्यात नव्हती. काम बाहेर द्यावं लागणार होतं. म्हणजे भट्टी जिंकली तर हौद बंद. हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि हौदाचा मुकादम होता ताईचा धाकटा भाऊ.

आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ती सतराची. त्याची अंघोळ, त्याचा अभ्यास, त्याच्या मारामाऱ्या, त्याचं लग्न, सगळं तिनेच निस्तरलं. अभ्यास काही निस्तरला नाही. तो विशीचा झाला तरी हाताला काम नव्हतं, तेव्हा ताईने साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून एक शब्द टाकला. इतक्या वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं असेल तर तेवढंच. त्याला हौदावर घेतलं. चौदा वर्षं झाली, आणि जुना मुकादम गेल्या वर्षी गेल्यावर त्याची जागाही त्यालाच मिळाली. त्या दिवशी ताई घरी जाऊन एकटीच रडली होती, आनंदाने.

चाचण्यांतली शेवटची मनगटाची. डब्यातली वाळू काही झालं तरी वाळू. माणूस घड्याळ घालून काय काय करतो ते माणसालाच करावं लागतं. म्हणून वीस बॉड्या, दहा हौदाच्या आणि दहा भट्टीच्या, पाठीवर नुसता नंबर घालून वीस जणांना तीन महिने वापरायला द्यायच्या. नवे असताना दोन्ही काळे सख्ख्या भावांसारखे दिसत. कुठला नंबर कशाचा ते फक्त ताईला माहीत. घालणाऱ्याला नाही, साहेबांनाही नाही. हा नियम तिचा स्वतःचा, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

तीन महिने भरले त्या दिवशी धाकट्याने खोलीत येऊन मनगटावरचं घड्याळ काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"घे. भिंगाखाली घाल नाहीतर आणखी कुठे घाल. ओरखडा सापडला तर माझं नाव बदल."

"तुझं नाव बदलून काय ठेवू? आहे तेच तुला झेपत नाही."

"हस. पण बघ तरी! हे घालून मी माल उचलला, गाडीचं इंजिन उघडलं, पोरीचा झोपाळा टांगला. आणि बघ कसा राहिलाय. आपला काळा मी अंधारातसुद्धा ओळखीन, ताई. हा हौदाचा काळा आहे."

ताईने बॉडी उलटी केली. नंबर चौदा. चौदा भट्टीचा होता.

ती गप्प राहिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तो इतका खुशीत होता, आणि शुक्रवारी निकालाचा कागद गेला की त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळणार होतं.

"हा हौदाचा नाही रे," ती म्हणाली. अठरा वर्षांत तिने पहिल्यांदाच नंबर फोडला.

"चेष्टा नको करूस."

तिने खणातून नऊ नंबर काढून त्याच्या हातावर ठेवला. कोपरे राखाडी झाले होते, बटणाच्या बाजूला तर काळा उरलाच नव्हता. "हा हौदाचा. घालणारी बाई दिवसभर टेबलाशी बसून टायपिंग करते. दुसरं काही नाही. दहाच्या दहा असेच आलेत."

धाकट्याने अंगठ्याने तो कोपरा घासून पाहिला, जणू वर धूळ बसली असेल. मग तो स्टुलावर बसला.

"म्हणजे शेड बंद."

"कागद अजून गेला नाही."

"जाईल की. शुक्रवारी जाईल." त्याने नऊ नंबर तळहातावर उलटा केला. "मी काही मागत नाहीये हं, ताई. तसं मनात आणू नकोस. तू काय आहेस ते मला माहीत आहे."

"मी कुठे काही म्हटलं?"

"नाही, पण मला दुसरं येतं काय, तूच सांग. किती वेळ बुडवायचं, किती वीज सोडायची, कधी वर काढायचं. चौतिसाव्या वर्षी मला कोण नवं शिकवणार? आणि हाताखालचे आठ जण? त्यांच्या घरी मी कुठल्या तोंडाने जाऊ?" त्याने नऊ नंबर टेबलावर ठेवला, अगदी हळू. "जाऊ दे. तू तुझं काम कर."

मागितलं असतं तर तिने दिलं नसतं. ओरडली असती, खोलीबाहेर काढलं असतं. पण तो मागत नव्हता, आणि जो मागत नाही त्याला नाही तरी कसं म्हणायचं?

शुक्रवारी दुपारी ती कागद भरायला बसली. डावीकडे एक रकाना, उजवीकडे एक. रकान्याच्या डोक्यावर एकीकडे हौद आणि एकीकडे भट्टी, खाली दहा-दहा नंबर, प्रत्येक नंबरापुढे झीज. तिने आधी नंबर भरले, मग झीज भरली, दोनदा ताडून पाहिली. एकही आकडा खोटा नव्हता. राहिली ती फक्त डोकी. इकडे आड आणि तिकडे विहीर असं लोक म्हणतात, पण ताईला त्या घडीला विहीर दिसतच नव्हती. तिला दिसत होता तो स्टुलावर बसलेला आठ वर्षांचा पोरगा. तिने भट्टीच्या नंबरांवर हौद लिहिलं, हौदाच्या नंबरांवर भट्टी लिहिलं, आणि खाली सही केली.

पेन ठेवल्यावर तिने स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. लाज होती, भीती होती. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त होता तो आनंद. वर्ष-दीड वर्षाने घड्याळं परत येऊ लागतील, तेव्हाचं तेव्हा. तोवर धाकट्याचं पोट चालेल. आजवर दुसऱ्यांच्या लबाडीवर लाल रेघा मारणाऱ्या बाईला आपली लबाडी किती गोड लागली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

कागद गेला, वाचला गेला, मंजूर झाला. दहा दिवसांत मोठी ऑर्डर आली. हौद एका पाळीऐवजी दोन पाळ्या चालू लागला, शेडसमोर रंगीत पताका लागल्या आणि धाकट्याने रविवारी ताईला जेवायला बोलावलं. त्याला तिने काही सांगितलं नव्हतं. त्यानेही काही विचारलं नाही. फक्त दारात तिच्या पाया पडला, आणि उठताना त्याचे डोळे भरले होते.

जेवण झकास झालं. भावजयीने आग्रह करकरून वाढलं. "ताई, तुम्ही काही खातच नाही, आणि आमच्यासाठी मात्र केवढं करता," असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा धाकट्याने विषय बदलला. जेवणानंतर ताई खुर्चीत रेलली होती, तेवढ्यात सात वर्षांची भाची शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा घेऊन आली.

"बाबा, आत्याला दोऱ्याची जादू दाखवा ना!"

"आत्ता नको गं."

"दाखवा ना! आत्याने कुठे पाहिलीये?"

"बघू तरी काय जादू," ताई म्हणाली.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने भांडी उचलायला घेतली. मग त्याने दोऱ्याचं टोक ओलं करून पीळ दिला, उजव्या नाकपुडीत सरकवलं, जरा मान तिरकी केली, आणि डाव्या नाकपुडीतून ते टोक बाहेर ओढून काढलं. दोन्ही हातांनी दोरा धरून त्याने तो इकडून तिकडे, तिकडून इकडे सरसर ओढला. पोरगी टाळ्या पिटत नाचू लागली.

ताईही हसली होती. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग तिला कळलं की दोरा कुठून जातोय. नाकाच्या मधल्या पडद्यातून. त्यात भोक होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय?"

"भोक. कधीपासून आहे?"

"ते होय?" धाकट्याने दोरा गुंडाळून पोरीच्या हातात दिला आणि तिला अंगणात पिटाळलं. "झाली अकरा-बारा वर्षं. हौदावर सगळ्यांनाच होतं गं. वाफ नाकात बसते ना, ती खाते. आधी रक्त यायचं, खपल्या धरायच्या. एकदा आरपार झालं की मग काही नाही. दुखत नाही अजिबात. नुसता वास येत नाही, आणि शेडमध्ये वास न आलेलाच बरा."

"सगळ्यांनाच?"

"दोन-तीन वर्षांत पडतंच. शेडमध्ये म्हणतात, दोरा गेला की माणूस पक्का झाला. ज्या दिवशी जातो त्या दिवशी चहा पाजायचा." तो हसला. "मी पाजला होता."

गेली कित्येक वर्षं त्याचं नाक वाहत होतं, आधीआधी तर रक्तही यायचं. उष्णता वाढली असेल, पाणी पीत जा, असं ताई त्याला सांगायची. धातूच्या कोपऱ्यावर केसाएवढी झीज झाली तर ती भिंगाखाली धरणारी बाई ती, आणि सख्ख्या भावाच्या तोंडाकडे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"जुन्या मुकादमालाही होतं?"

"त्याचं तर हे एवढं होतं. पेन्सिल जायची."

"आणि तो गेला कशाने?"

पोरगी अंगणातच आहे ना, ते धाकट्याने वळून पाहिलं. "छातीनं," तो म्हणाला. "फुप्फुसात गाठ होती. पण तो विड्याही फार ओढायचा, ताई."

"तू बोलला का नाहीस मला?"

"बोललो असतो तर तू तिथे ठेवलं असतंस? आणि तिथून काढून कुठे ठेवलं असतंस?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. भावजय दाराआड उभी राहून ऐकत असावी.

सोमवारी सकाळी ताई सगळ्यांच्या आधी साहेबांच्या खोलीत गेली. बसली नाही. उभ्यानेच तिने सांगून टाकलं: रकान्यांची डोकी उलटी लिहिली आहेत, जाणूनबुजून लिहिली आहेत, झीज झाली ती हौदाच्या काळ्याची. कागद परत मागवा. मला काढून टाका, पोलिसात द्या, काय वाटेल ते करा, पण कागद परत मागवा.

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं.

"ताई, वीस जणांत मीही होतो. माझ्याकडे सात नंबर होता, विसरलात? तीन महिने रोज बघत होतो, एक ओरखडा नाही. तुमच्या कागदावर सात हौदाचा. हातच्या काकणाला आरसा कशाला? हौदाचा काळा तीन महिन्यांत कसा होतो ते मला काय माहीत नाही?"

"मग तुम्ही कागद पाठवलात कसा?"

"सही तुमची होती," साहेब म्हणाले. "तुमच्या सहीवर शंका घेणारा मी कोण? बाहेरून काम करून घेणं आपल्याला परवडलं नसतं. मी देवाला हात जोडत होतो, आणि तुम्ही आपण होऊन दिलंत."

"वर्षभरात सगळा माल परत येईल."

"वर्षभरात नवं मॉडेल येईल. हल्ली घड्याळ दोन वर्षं वापरतो कोण?"

तिने नाकांचं सांगितलं. दोऱ्याचं सांगितलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. ते त्यांनाही नवं नव्हतं. तोंडावरूनच कळत होतं. "वाफ ओढणारा पंखा बसवायचाय," ते म्हणाले. "यादीत आहे. ही ऑर्डर एकदा निघू दे. आणि ताई, एक ध्यानात ठेवा. हे बाहेर गेलं तर शेड आजच बंद होईल, आणि बंद कुणी केली ते त्या माणसांना सांगावं लागेल."

ती तिथून निघाली ती थेट मागच्या शेडकडे. इतक्या वर्षांत ती इथे चार वेळासुद्धा आली नसेल. माल तिच्याकडे यायचा, ती मालाकडे जात नसे. दाराशीच घशात काहीतरी धातूसारखं चरचरलं. आत पिवळट धुकं हौदावर रेंगाळत होतं आणि त्यात माणसं हालत होती, तोंडाला नुसते रुमाल बांधून. धाकटा तिला पाहून लगबगीने पुढे आला.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चल. कपाळावर हमाली लिहिली असेल तर हमाली कर. मी पोसते तुम्हा तिघांना, पण इथे नको."

"हळू बोल, ताई."

"का हळू बोलू? सगळ्यांनाच सांगायला आलेय मी."

"आणि ते काय खातील?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तू वाचवलंस, आता तूच बुडव. मी आड येत नाही. पण मग त्यांच्याकडे बघून बोल."

तोवर माणसांनी तिला ओळखलं होतं. पाळी बदलत होती, त्यामुळे शेडमध्ये दुप्पट माणसं होती. एकेकाने रुमाल सोडला, हात पँटला पुसले, आणि ती सगळी तिच्याभोवती येऊन उभी राहिली. ज्यांना कधी कुणी विचारलं नाही अशी माणसं कुणी भेटायला आलं की उभी राहतात तशी, जरा अवघडून.

"ताई, तुमच्यामुळे," त्यांतला सगळ्यांत वयस्क माणूस म्हणाला. त्याने हात जोडले, आणि मागोमाग बाकीच्यांनी जोडले.

ताईने तोंड उघडलं. जे बोलायचं म्हणून ती आली होती ते अगदी जिभेवर होतं. त्याऐवजी तिने त्याला विचारलं, "तुम्हाला किती वर्षं झाली इथे?"

"बावीस."

"तुम्हाला?"

"सतरा."

"नऊ, ताई."

"अकरा."

ती एकेकाकडे बघत विचारत गेली, आणि प्रत्येकाने आपला आकडा अभिमानाने सांगितला. ओळीच्या शेवटी चाळिशीचा एक माणूस होता. त्याचा रुमाल नवा होता, अजून घडी मोडली नव्हती.

"आणि तुम्हाला?"

"मी गेल्या गुरुवारी लागलो, ताई," तो म्हणाला. "वर्षभर घरी बसून होतो. तुमचा कागद पास झाला म्हणून आम्हा सात जणांना घेतलं. बायकोने सांगितलंय, त्या ताई दिसल्या तर पाया पड."

आणि ती नको म्हणायच्या आत तो खाली वाकला.